विश्लेषण : जिवाणूंनी घडवलेली चांदी… उपाय की इशारा?

चांदीचे नॅनोकण जिवाणूंकडून तयार करून घेता येतात, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकवणाऱ्या अनेक महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी प्रकल्प म्हणून हा प्रयोग करतात. ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ ही विशेषणे त्याला हमखास लागतात. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंवर हा उपाय ठरेल, असे आश्वासनही शेवटी असते. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ज्या गुणाच्या बळावर एखादा जिवाणू चांदीत तग धरतो, तोच गुण उद्या चांदीच्या औषधाची धार बोथट करू शकतो. ही दुसरी बाजू प्रकल्प अहवालांत क्वचितच दिसते.

फ्लास्कमध्ये नेमके घडते काय?

प्रयोग दिसायला अगदी साधा. पोषकद्रवात जिवाणू रात्रभर वाढवायचे. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी तळाशी बसवायच्या आणि वरची निवळ वेगळी काढायची. कधी पेशी वापरतात, कधी नुसती निवळ. तीत सिल्व्हर नायट्रेटचे विरळ द्रावण मिसळायचे आणि वाट पाहायची. काही तासांत, कधी दिवस-दोन दिवसांत, फिकट पिवळा द्रव कोऱ्या चहासारखा तपकिरी होतो.

हा रंग म्हणजे कण तयार झाल्याची पहिली खूण. सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळले की चांदीचे धनभारित आयन सुटे होतात. जिवाणूंची विकरे आणि प्रथिने या आयनांना इलेक्ट्रॉन देतात. आयनाचा अणू होतो, अणू एकमेकांना चिकटतात आणि १ ते १०० नॅनोमीटर आकाराचा कण तयार होतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर असते, यावरून या कणाच्या लहानपणाची कल्पना यावी. एवढ्या लहान कणातले इलेक्ट्रॉन सुमारे ४०० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळ्या-निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देतात आणि तो शोषून घेतात. डोळ्यांपर्यंत पोहोचतो तो उरलेला पिवळा-तपकिरी रंग.

इलेक्ट्रॉन देण्याचे काम अनेक सूक्ष्मजीवांत नायट्रेट रिडक्टेज हे विकर करत असावे, असे मानले जाते. मातीतल्या नायट्रेटवर प्रक्रिया करण्यासाठी ते जिवाणूजवळ आधीपासूनच असते. चांदी त्याच्या वाट्याला आयती येते. प्रथिने आणखी एक काम करतात. ती कणांभोवती वेष्टण घालतात, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होत नाही. रासायनिक पद्धतीत त्यासाठी वेगळा पदार्थ घालावा लागतो.

चांदीच का?

चांदी जंतू मारते हे औषधशास्त्राला जुने ठाऊक आहे. जर्मनीतील लाइपझिग येथे कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्यास सुरुवात केली आणि जन्मतः होणाऱ्या संसर्गातून येणारे अंधत्व मोठ्या प्रमाणावर टळले. भाजलेल्या जखमेवर लावायचे पांढरे मलम, म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन, १९६८ पासून वापरात आहे आणि भारतातल्या लहान गावांतल्या औषध दुकानांतही ते मिळते.

नॅनोकणांमुळे यात फरक पडतो तो पृष्ठभागाचा. एक ग्रॅम चांदीचे २० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले तर त्यांचा एकत्रित पृष्ठभाग २८ चौरस मीटरच्या वर भरतो. म्हणजे सुमारे ३०० चौरस फूट. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतले एक घर! एवढ्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन सावकाश, दीर्घकाळ सुटत राहतात आणि ते जिवाणूच्या आवरणावर, विकरांवर, श्वसनयंत्रणेवर हल्ला करतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ऑक्सिजन वगळून प्रयोग केले. ऑक्सिजन नसल्याने आयन सुटेनात, तेव्हा कणांचा जंतुनाशक परिणाम जवळपास नाहीसाच झाला. थोडक्यात, मारणारा असतो तो आयन. नॅनोकण हे त्याचे कोठार. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढचा सगळा प्रश्न त्याच्याभोवती फिरतो.

खाणीतला जिवाणू, पुण्याची बुरशी

या संशोधनाची सुरुवात एका खाणीत झाली. अमेरिकेतील चांदीच्या खाणीतून ‘स्यूडोमोनास स्टुट्झेरी’ या जिवाणूचा एजी २५९ हा वाण वेगळा काढण्यात आला होता. जिथे इतर जिवाणू मरतात एवढ्या चांदीत तो खुशाल वाढत होता. १९९९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी त्याला सिल्व्हर नायट्रेटच्या दाट द्रावणात वाढवले आणि पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशीच्या दोन आवरणांमधल्या जागेत, विशेषतः टोकांना, चांदीचे स्फटिक साचले होते. काही त्रिकोणी, काही षटकोनी, काही २०० नॅनोमीटरपर्यंत मोठे. जिवाणूने जणू विष गोळा करून माळ्यावर टाकून दिले होते.

त्यानंतर दोनच वर्षांत या विषयाचा एक महत्त्वाचा पत्ता पाषाण रस्ता, पुणे असा झाला. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंऐवजी बुरशी निवडली. २००१ मध्ये ‘व्हर्टिसिलियम’ या बुरशीच्या धाग्यांवर साधारण २५ नॅनोमीटरचे चांदीचे कण त्यांनी दाखवले. पण हे कण पेशीला चिकटलेले होते. सोडवून घेणे कठीण. २००३ मध्ये त्यावरही तोड निघाली. ‘फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम’ ही बुरशी पेशीबाहेरच ५ ते १५ नॅनोमीटरचे कण तयार करते, असे दिसले. शेतकऱ्यांना ही बुरशी वेगळ्या कारणासाठी माहीत असते. हरभऱ्याचा मर रोग तिच्याच एका प्रकारामुळे होतो. पुढच्याच वर्षी याच गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवले आणि ‘नेचर मटेरियल्स’ने ते छापले. गवती चहा आता केवळ सर्दीवरचा काढा राहिला नव्हता.

मद्रास आयआयटीत टी. प्रदीप यांनी २००२ मध्ये ताकातल्या ‘लॅक्टोबॅसिलस’ जिवाणूंकडून सोन्याचे आणि चांदीचे स्फटिक घडवून घेतले. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने बुरशीवर दीर्घकाळ काम केले; चांदीचे नॅनोकण हे नव्या पिढीचे जंतुनाशक कसे ठरू शकतील याचा २००९ मधला त्यांचा आढावा जगभर संदर्भ म्हणून वापरला जातो. पुणे विद्यापीठात बाळू चोपडे यांच्या गटाने २०१३ मध्ये ‘अॅसिनेटोबॅक्टर’ जिवाणूकडून बनवलेले कण प्रतिजैविकांच्या जोडीने दिले तर परिणाम वाढतो, असे दाखवले. महाराष्ट्राला ज्या थोड्या विज्ञानशाखांत खरोखर लवकर सुरुवात करता आली, त्यांतली ही एक. त्यामुळे तिच्या पुढच्या वाटचालीची चिकित्साही इथेच व्हायला हवी.

‘हरित’ म्हणजे किती हरित?

या विषयावरच्या बहुतेक निबंधांची सुरुवात एकाच वाक्याने होते : रासायनिक पद्धती विषारी आणि खर्चीक, जैविक पद्धत सुरक्षित आणि स्वस्त. हे वाक्य तपासून पाहण्यासारखे आहे. सोडियम बोरोहायड्राइडसारखे क्षपणक त्रासदायक आहे हे खरे. पण चांदीचे कण बनवण्याची सर्वांत रूढ रासायनिक पद्धत सायट्रेट वापरते, आणि सायट्रेट हा लिंबात असणाऱ्या आम्लाचा क्षार. बारावीच्या प्रयोगशाळेत टॉलेन्स चाचणी करताना परीक्षानळीच्या आत चांदीचा आरसा उमटतो, तिथे इलेक्ट्रॉन देते ते साधे ग्लुकोज. तेव्हा तुलना करायची तर ती सर्वांत वाईट रसायनाशी नको.

दुसरीकडे, सिल्व्हर नायट्रेट काही जिवाणू बनवत नाही. शुद्ध चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून ते तयार होते आणि त्या वेळी नायट्रोजन ऑक्साइडचे तपकिरी, विषारी धूर निघतात. पोषकद्रव निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह चालवावा लागतो, वाढीसाठी इन्क्युबेटर रात्रभर सुरू ठेवावा लागतो, कण धुवायला पुन्हा सेंट्रिफ्यूज. विजेचे हे बिल ‘हरित’ या शब्दात दिसत नाही.

त्यातून हाती येते किती? प्रयोगांत सहसा एक मिलिमोलर द्रावण वापरले जाते. त्यात लिटरमागे चांदी असते जेमतेम १०८ मिलिग्रॅम. एकही अणू वाया गेला नाही असे धरले तरी एक किलो चांदीच्या कणांसाठी नऊ हजार लिटरहून अधिक द्रव लागेल. पाण्याच्या टँकरएवढा द्रव वाढवायचा, गाळायचा, धुवायचा आणि उरलेल्या, चांदीचा अंश असलेल्या सांडपाण्याची विल्हेवाट लावायची. द्रावण दाट केले तर जिवाणूच मरतात किंवा कणांचा गाळ होतो. ही अडचण सोडवणे अशक्य नाही. मात्र ती सोडवण्याचा प्रयत्न करणारे निबंध, नवा जिवाणू शोधल्याचे सांगणाऱ्या निबंधांच्या तुलनेत फारच कमी आहेत.

निवडलेला जिवाणू कोणता, हाही मुद्दा आहे. तेहरानच्या संशोधकांनी २००७ मध्ये काही आतड्यातल्या जिवाणूंच्या निवळीतून अवघ्या पाच मिनिटांत चांदीचे कण मिळवले. वेग थक्क करणारा होता. पण त्या जिवाणूंत ‘क्लेबसिएला न्यूमोनिए’ होता, जो रुग्णालयातल्या न्यूमोनियासाठी कुप्रसिद्ध आहे. अशा जिवाणूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन कणांवर राहिले तर ते रक्तात जाऊन ताप आणि दाह निर्माण करू शकते. म्हणून जखमेवर लावायचे कण ताकातल्या जिवाणूकडून आलेत की रुग्णालयातल्या, याला महत्त्व आहे.

आणि एक कुजबूज या क्षेत्रात जुनीच आहे. पोषकद्रवात यीस्टचा अर्क, शर्करा, अमिनो आम्ले असतात. उजेडात ठेवले तर हे घटक स्वतःच चांदीचे क्षपण करू शकतात. म्हणजे जिवाणू न घालताही फ्लास्क तपकिरी होऊ शकतो. द्रवात मीठ असेल तर सिल्व्हर क्लोराइड तयार होते ते वेगळेच. जिवाणूविरहित फ्लास्क शेजारी ठेवून तुलना केली नाही, तर श्रेय कोणाचे हे कळत नाही. असा फ्लास्क ठेवायला खर्च जवळपास शून्य, तरीही तो ज्यात दाखवलेला नाही असे निबंध छापले जातात.

चांदीलाही जिवाणू सरावतात?

‘जिवाणू चांदीविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवू शकत नाहीत’ हे विधान जाहिरातींत आणि कधीकधी प्रबंधांतही आढळते. ते चूक आहे. आणि ते चूक असल्याचा पुरावा या संशोधनाच्या जन्मकथेतच आहे : एजी २५९ चांदीच्या खाणीत जिवंत होता. त्याच्या चांदी-प्रतिकाराची जनुके प्लास्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर असल्याचे १९८४ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

त्याही आधी, १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बोस्टनच्या एका रुग्णालयातली घटना नोंदली गेली. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर तेव्हा सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण लावत. त्या कक्षात साल्मोनेलाचा असा वाण पसरला, जो सिल्व्हर नायट्रेटला जुमानत नव्हता. तीन रुग्ण दगावले आणि कक्ष बंद करावा लागला. याच वाणातल्या प्लास्मिडवरची जनुके शिकागोतील इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने १९९९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये उलगडून दाखवली. गटप्रमुखांचे नाव योगायोगाने सायमन सिल्व्हर! या जनुकांतून बनणारे एक प्रथिन पेशीच्या दोन आवरणांमध्ये चांदीचे आयन पकडून ठेवते आणि काही प्रथिने मिळून पंप तयार करतात, जो आयन बाहेर फेकतो.

यातली खरी चिंतेची बाब पुढे आहे. त्या एकाच प्लास्मिडवर अॅम्पिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन यांसारख्या प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुकेही होती. म्हणजे नुसत्या चांदीच्या माऱ्यातही जे जिवाणू टिकतील, ते सोबत प्रतिजैविकांचा प्रतिकारही सांभाळून ठेवतील. चांदी हा प्रतिजैविकांना पर्याय म्हणून आणायचा आणि तिनेच प्रतिजैविकांविरुद्धचा प्रतिकार जोपासायचा, असे घडू शकते. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या संसर्गांमुळे २०१९ मध्ये जगभरात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्येच २०२२ साली प्रसिद्ध झाला. या पार्श्वभूमीवर चांदीसारखे जुने, उपयोगी हत्यार गमावणे परवडणारे नाही.

आयनाचे झाले, कणांचे काय? नॅनोकणांना जिवाणू सरावणार नाहीत अशी आशा बराच काळ होती. चेक प्रजासत्ताकातील ओलोमौत्स येथील संशोधकांनी २०१८ मध्ये ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त तिला तडा दिला. त्यांनी ई. कोलाय आणि ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ यांना चांदीच्या कणांची मरणार नाहीत एवढी मात्रा पुन्हा पुन्हा दिली. जिवाणूंनी जनुकात कोणताही बदल न करता तोडगा काढला. पोहण्यासाठीच्या शेपटीतले फ्लॅजेलिन हे प्रथिन त्यांनी जास्त प्रमाणात बाहेर सोडले आणि त्यात अडकून नॅनोकणांचे गोळे झाले. गोळा झाला की पृष्ठभाग घटतो, आयन सुटणे मंदावते, कोठारच बंद. कणांवर इतर स्थिरक पदार्थांची वेष्टणे चढवूनही उपयोग झाला नाही. जिवाणूंची ही युक्ती मोडली ती डाळिंबाच्या सालीच्या अर्काने, कारण त्याने फ्लॅजेलिन बनणेच रोखले.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. कण घडवणारा प्रत्येक जिवाणू चांदीला प्रतिकार करतोच असे नाही. नुसती निवळ वापरली तर तिथे जिवंत पेशी नसतेच. पण खाणीतून, कारखान्यांच्या सांडपाण्यातून चांदी सोसणारे जिवाणू शोधून काढायचे, त्यांना वाढवायचे आणि त्यांच्याकडून घडवलेली चांदी ‘जंतूंना न हरणारी’ म्हणून खपवायची, यातला विरोधाभास संशोधकांच्या नजरेतून सुटावा हे नवल आहे.

चांदी कुठे वापरावी, कुठे नाही?

भाजलेली जखम, रुग्णाच्या शरीरात दीर्घकाळ ठेवावी लागणारी नळी, पिण्याच्या पाण्याचा गाळणीसंच या ठिकाणी चांदीला अर्थ आहे. टाटांनी डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘स्वच्छ’ या विजेविना चालणाऱ्या जलशुद्धीकरण संचात भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनोकण होते. एनसीएल सोडून टाटा केमिकल्समध्ये गेलेल्या मुरली शास्त्रींचा त्यात सहभाग होता. नळाला स्वच्छ पाणी न येणाऱ्या घरासाठी हा नॅनोतंत्रज्ञानाचा सार्थ वापर म्हणता येईल.

पायाला वास येऊ नये म्हणून मोज्यांत घातलेली चांदी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. अॅरिझोना राज्य विद्यापीठात २००८ मध्ये बाजारातले असे मोजे पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काहींतली चांदी धुण्याबरोबर पाण्यात उतरत असल्याचे आढळले. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात तिचे बहुतांशी सिल्व्हर सल्फाइड होते, जे बरेच कमी घातक असते. तरीही वाटेत, अतिशय विरळ मात्रेत, ती असंख्य जिवाणूंना भेटत जाते. आणि ओलोमौत्सच्या प्रयोगात जिवाणूंना शहाणे केले होते ते विरळ मात्रेनेच. टूथब्रश, अंतर्वस्त्रे, फ्रिजची आतली बाजू अशा ठिकाणी चांदी वापरण्यावर मर्यादा घालण्याची मागणी यामुळे रास्त ठरते. पिण्याचे ‘कोलॉइडल सिल्व्हर’ तर औषध म्हणून सुरक्षित व परिणामकारक मानता येणार नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केले आहे. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांची त्वचा कायमची निळसर-राखाडी होऊ शकते.

भारतात काय?

केंद्राने २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’साठी एक हजार कोटी रुपये मंजूर केले. त्यानंतर नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी २०१९ मध्ये आणि नॅनो-आधारित कृषी निविष्ठा व खाद्यपदार्थांसाठी २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. ती उपयुक्त आहेत, पण मोजे आणि टूथब्रश त्यांत बसत नाहीत. वस्तूत नॅनोचांदी किती आहे आणि धुण्यात किती निघते, हे वेष्टणावर छापण्याची सक्ती करायला नवे संशोधन लागत नाही.

विद्यापीठांना मात्र स्वतःच्या चाचणीपासून सुरुवात करता येईल. सध्या कणांची परीक्षा बहुधा एकाच पद्धतीने होते. अगारच्या थाळीत खळगा पाडून त्यात कणांचे द्रावण भरायचे आणि दुसऱ्या दिवशी भोवतालचे जंतुविरहित वर्तुळ किती मिलिमीटरचे झाले ते पट्टीने मोजायचे. वर्तुळ मोठे आले की प्रकल्प यशस्वी. त्या वर्तुळाच्या अगदी कडेला वाढलेल्या वसाहती उचलून, त्यांना पुन्हा पुन्हा चांदी देऊन, विसाव्या पिढीला वर्तुळ तेवढेच राहते का हे फारसे कोणी पाहत नाही. त्यासाठी लागतात काही जादा पेट्री डिश आणि तीनेक आठवडे.